इंग्रजी क्रियापदाला उरलेला एकच 'एस'

[पडद्यावर सात ओळी एकाखाली एक उमटतात.]

आय वर्क. यू वर्क. वी वर्क. दे वर्क.
ही वर्क्स. शी वर्क्स. इट वर्क्स.

सात सर्वनामं. वर्तमानकाळात त्यांतल्या चौघांपुढे क्रियापद जराही बदलत नाही, उरलेल्या तिघांपुढे त्याच्या शेवटी एक 'एस' येतो. भूतकाळात तर तोही नाही. 'वर्क्ड' सगळ्यांनाच चालतं. मराठीत जातो, जातोस, जाते, जातात अशी रूपं न अडखळता वापरणाऱ्याला हे अगदीच सोपं वाटावं. तरीही अनेक वर्षं इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडून हाच 'एस' निसटतो, कारण तो गळला तरी अर्थ अडत नाही. 'शी' म्हटल्यावर कर्ता कोण ते कळलेलंच असतं.

पूर्वी असं नव्हतं. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मी, तू आणि तो यांना तीन वेगळे प्रत्यय होते आणि अनेकवचनाला चौथा. पुढे शेवटचे स्वर बोलण्यात पुसट झाले, मग गळाले. प्रत्यय गेल्यामुळे कर्ता सांगायचं काम सर्वनामावर आलं. मराठीत नुसतं 'येतो' म्हणून उठता येतं. इंग्रजीत 'आय' किंवा 'ही' म्हणावंच लागतं.

आजचा 'एस' आला इंग्लंडच्या उत्तर भागातून. दक्षिणेत त्या जागी 'एथ' होता. 1611 सालच्या इंग्रजी बायबलमध्ये 'ही सेथ', 'ही गोएथ' अशीच रूपं आहेत, पण तोवर लोकांच्या बोलण्यात 'एस' चांगलाच रुळला होता.

[पडद्यावर: ॲम, इज, आर, वॉज, वेअर]

या सगळ्याला एकच मोठा अपवाद, 'बी' हे क्रियापद. वर्तमानात त्याची तीन रूपं, भूतकाळात दोन. एका क्रियापदात निरनिराळे धातू एकत्र आले आहेत, म्हणून ती एकमेकांसारखी दिसत नाहीत. 'ॲम' आणि 'इज' ही संस्कृतातल्या अस्मि आणि अस्ति यांची नात्यातली रूपं. 'बी'चं नातं भू धातूशी, 'वॉज'चं वस् धातूशी. ही पाच रूपं पाठच करावी लागतात, नियमानं ती बनवता येत नाहीत.

'यू' एकाच माणसाला म्हटलं तरी 'आर' आणि 'वेअर'च येतं, कारण हे सर्वनाम मुळात अनेकवचनी. अठराव्या शतकात एकट्या माणसाला 'यू वॉज' म्हणणारे पुष्कळ होते. 1762 साली इंग्रज व्याकरणकार रॉबर्ट लाउथ यांनी आपल्या व्याकरणात ते चूक ठरवलं. प्रमाण इंग्रजीत आज ते चालत नाही, काही बोलींत मात्र अजून ऐकू येतं. 'दे'चंही तसंच. स्त्री की पुरुष हे माहीत नसलेल्या एका व्यक्तीसाठी 'दे' वापरलं, तरी पुढे 'आर' हवं.

आता हमखास चुका जिथे होतात ते ठिकाण. 'शी वर्क्स'चा प्रश्न करा: 'डझ शी वर्क?' नकार करा: 'शी डझन्ट वर्क.' इथे 'एस' हरवलेला नाही. तो साहाय्यक क्रियापदावर गेला आहे, 'डू'चं 'डझ' झालं ते त्याच्यामुळेच. एका जोडीत तो एकदाच येतो. म्हणून 'शी डझन्ट वर्क्स' चूक. भूतकाळाची खूणही अशीच सरकते: 'डिड शी गो', 'डिड शी वेन्ट' नव्हे. एवढं पक्कं बसलं की बऱ्याच चुका आपोआप थांबतात, म्हणून सरावाचा वेळ इथे जरूर द्यावा.

'कॅन', 'मे', 'शॅल', 'मस्ट' यांना 'एस' कधीच लागत नाही. ही मुळात भूतकाळी घडणीची रूपं, आणि जुन्या इंग्रजीच्या भूतकाळात 'मी' आणि 'तो' यांचं रूप एकच असे. त्यांच्या मागून येणारं क्रियापदही मूळ रूपातच राहतं: 'ही कॅन स्विम'.

क्रियापद जुळतं ते फक्त कर्त्याशी. 'लेट हिम गो' यात 'हिम' कर्म आहे, म्हणून 'गोज' नाही. आदरार्थी बहुवचनही इंग्रजीत नाही. वडील 'म्हणतात', पण इंग्रजीत 'ही सेज'. मराठीत विचार करणाऱ्याच्या तोंडून इथे नकळत 'ही से' निघतं.

उच्चार तीन. प, ट, क, फ यांसारख्या अघोष, म्हणजे घसा न कंपता उमटणाऱ्या ध्वनींनंतर 'स': वर्क्स. स्वरानंतर आणि घसा कंपून उमटणाऱ्या घोष ध्वनींनंतर 'झ': रन्झ, गोझ. स, झ, श, च, ज यांच्यानंतर 'इझ': वॉचिझ. लिहिताना सगळीकडे 'एस'च दिसतो, त्यामुळे अनेक जण रन्झलाही 'रन्स' म्हणतात. 'सेज' हा शब्द आणखी वेगळा, त्याचा उच्चार 'सेझ', 'से'मधला स्वर आखूड करून.

सरावासाठी 'आय'नं सुरू होणारा एखादा परिच्छेद घ्या आणि तोच 'शी' घालून मोठ्यानं वाचा. 'ॲम'चं 'इज', 'हॅव'चं 'हॅज', 'डोन्ट'चं 'डझन्ट'. भूतकाळ आणि 'कॅन' जसेच्या तसे. पहिलं क्रियापद सहसा बरोबर येतं. घसरण होते पुढच्यांवर: 'शी गेट्स अप, ओपन्स द विंडो अँड सिट...' कर्ता दूर राहतो आणि 'एस' गळतो. 'अँड'नं जोडलेल्या प्रत्येक क्रियापदाला तो हवा, म्हणून 'सिट्स'. 'टू'नंतर मात्र नको: 'शी वॉन्ट्स टू सिट'.