जुन्या वाड्यात मेटल डिटेक्टर घेऊन जाताना

नमस्कार मंडळी, कसे आहात. आज विषय जरा वेगळा आहे, मेटल डिटेक्टर. मॉलच्या दारात वॉचमन अंगावरून फिरवतो तो नाही हं, लांब दांड्याचा, खाली ताटलीसारखी गोल कॉइल असलेला, जमिनीवरून फिरवायचा तो.

हल्ली रील उघडलं की कुणीतरी गोरा माणूस इंग्लंडमधल्या कुठल्यातरी शेतात हेडफोन लावून उभा असतो, टुंग करून आवाज येतो, दोन फावडी माती काढली की सोन्याचं नाणं हजर, आणि ते बघून आपल्याकडेही काहींनी ऑनलाइन मशीन मागवलेलं असतं, आणि बॉक्स उघडल्यावर पहिला प्रश्न, आता हे घेऊन जायचं कुठं? तर उत्तर सोपं आहे, आपल्याच घराण्याचा जुना वाडा, मामाच्या गावचं पडीक घर, ओळखीच्यांचं परसदार. आज त्याबद्दलच बोलू.

सगळ्यात आधी डोक्यातून गुप्तधन काढून टाका. आपल्याकडे प्रत्येक जुन्या वाड्याची एक कथा असतेच की पणजोबांनी हंडा पुरला, त्यावर नाग बसलाय, अमावस्येला खणखण आवाज येतो वगैरे. तुमचं मशीन दिसलं की निम्मं गाव हंड्याचंच विचारणार, आणि त्याच्या मागोमाग एखादा महाराजही येतो, मी जागा दाखवतो म्हणून. त्याला दारातूनच वाटेला लावा, गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तशीच ती दोन तारांची यंत्रं, लांबून सोनं दाखवतात म्हणून विकतात ती, त्यात एक रुपया घालू नका. खरं मशीन काय करतं बघा, कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडतं, खाली धातू असला की त्याच्यात बारीक विद्युतप्रवाह फिरायला लागतात, ते प्रवाह स्वतःचं एक छोटंसं क्षेत्र परत पाठवतात आणि ते दुसरी कॉइल पकडते. हे परत येणारं क्षेत्र अंतर वाढलं की झपाट्याने कमी होतं, त्यामुळे चांगल्या मशीनला पण एक नाणं साधारण सहा ते आठ इंचापर्यंत सापडतं, तांब्या-कळशीएवढी मोठी वस्तू असेल तर आणखी खाली, पण शंभर मीटरवरचं सोनं बिनं काही नाही.

आणि आपल्या नाशिकची जमीन, ती तर मशीनची परीक्षाच घेते. आपला सगळा दगड बेसाल्ट, त्याच्यात मॅग्नेटाइट म्हणजे लोहखनिज, त्याचीच झालेली काळी माती, त्यामुळे खाली काही नसताना मशीन आपलं कुरकुरत राहतं. नवीन माणसाला वाटतं इथं काहीतरी आहे, तिथं काहीतरी आहे. म्हणून ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीतल्या लोहखनिजाची कुरकुर गप्प करायची सोय, असलेलंच मशीन घ्या आणि सुरू करण्याआधी स्वच्छ जागी कॉइल जमिनीवर वरखाली करून तो करून घ्या, सेन्सिटिव्हिटी फुल ठेवू नका, आणि डबल-डी कॉइल (आत इंग्रजी डी अक्षरासारख्या दोन कॉइल असतात ती) मिळाली तर तीच बघा, असल्या मातीत ती जास्त शांत चालते. गॅरेट, माइनलॅब, नोक्ता अशी नावं तुम्हाला दिसतील, त्यातलं साधं मॉडेल पुरे आहे. हेडफोन मात्र हवाच, बारीक आवाज उघड्यावर ऐकू येत नाही आणि गर्दीही कमी जमते.

घरच्या अंगणात आधी सराव करा. एक जुना पाच पैसा, एक चांदीचं जोडवं, एक गंजका खिळा, गोळ्यांचं रिकामं पाकीट, असं दोन इंच, चार इंच, सहा इंचावर पुरा आणि प्रत्येकाचा आवाज कानात बसू द्या. आजचा रुपयाही पुरून बघा, गंमत कळेल. तो स्टेनलेस स्टीलचा, चुंबकाला चिकटतो, त्यामुळे मशीन त्याला लोखंडाच्या खात्यात टाकायला बघतं. रामकुंडावर पोरं दोरीला चुंबक बांधून पाण्यातली नाणी ओढतात ना, ते याच कारणाने जमतं, जुन्या तांब्याच्या पैशाला चुंबक लावून बसलात तर तो काही हलणार नाही. आणि स्क्रीनवर जो आकडा येतो, टार्गेट आयडी म्हणतात त्याला, तो अंदाज असतो बरं का. सोन्याची बारीक अंगठी आणि औषधाच्या पाकिटाची फॉइल जवळजवळ एकाच आकड्यावर येऊ शकतात, चपटा गंजलेला पत्रा तर चांदी असल्याचा आव आणतो. ज्याला फॉइल खणायचा कंटाळा त्याला अंगठी मिळणार नाही, एवढं साधं गणित आहे.

आता वाड्यात शिरू. माझं स्पष्ट मत आहे की मशीन चालू करण्याआधी अर्धा तास घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाबरोबर बसावं, मशीनच्या सेटिंगपेक्षा त्याचा उपयोग जास्त. निफाडकडच्या एका मित्राच्या वाड्यावर आम्ही गेलो होतो, मागची बाजू पडलेली, पुढं ओटा शाबूत, त्याची आजी ओट्यावर बसलेली. आम्ही आपले चौकात मशीन फिरवतोय, शहाण्यासारखे, आणि ती बघतेय. शेवटी म्हणाली, "काय रे पोरांनो, तिथं काय मिळायचंय, तिथं तर रोज सारवायचो आम्ही, टाचणी पडली तरी दिसायची." आम्ही विचारलं, "मग आजी, कुठं बघू?" तर म्हणाली, "मागं बैलांच्या दावणीच्या पुढं निंबाचं झाड होतं बघ, तिथं गडीमाणसं दुपारची आडवी व्हायची, चंच्या सोडून पान खात बसायची. आणि न्हाणीचं पाणी जिथं बाहेर पडायचं, तिथं बघा."

विचार करा, किती बरोबर आहे. जुन्या माणसांना खिसे कुठं होते? पैसे धोतराच्या कनवटीला, बायकांचे पदराच्या गाठीत, नाहीतर चंचीत. म्हणजे माणूस जिथं कंबरेची गाठ सैल करून बसतो, आडवा होतो, अंघोळीला कपडे काढतो, तिथं नाणं निसटतं. चौकातलं पडलेलं नाणं दुसऱ्या दिवशी झाडताना सापडतंच. म्हणून न्हाणीच्या मोरीचं बाहेरचं तोंड, गोठ्याची कड, विहिरीजवळ मोटेचं पाणी पडायचं ते थारोळं, खळ्याची जागा, मोठं आंब्याचं नाहीतर निंबाचं झाड, परसदाराकडून ओढ्याला जाणारी पायवाट, ह्या जागा आधी. तुळशी वृंदावनापाशी आणि देवघराच्या भिंतीपाशी विचारल्याशिवाय जाऊ नका, घरच्यांना ते आवडत नाही आणि त्यांचं बरोबरच आहे.

दुसरं, नवशिके लोक काय करतात, डिस्क्रिमिनेशन लावून सगळं लोखंड गप्प करून टाकतात. सुरुवातीला असं करू नका. पडलेल्या वाड्यात लोखंडच तुम्हाला घराचा नकाशा सांगतं. खिळ्यांचे आवाज एका रांगेत यायला लागले की तिथं दार किंवा तुळई जळाली नाहीतर कुजली असणार, कडी-कोयंडा निघाला की दाराचीच जागा, बैलांच्या नालांचे तुकडे आणि साखळ्या निघायला लागल्या की गोठा आला. आमच्या त्या वाड्याच्या मागच्या बाजूला वर काहीच उरलं नव्हतं, पण खिळ्यांच्या आवाजावरून दावणीची ओळ लागली, आणि निंब तोडलेला, बुंधासुद्धा नाही, तरी आजीने काठीने जागा दाखवली ती तिथंच जुळली. मग कॉइल जमिनीला जवळजवळ टेकवून, समांतर ठेवून, हळू, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढवत. घाईने विळा मारल्यासारखं मशीन हलवणारे लोक निम्मं मागं सोडून जातात.

तिथं एक आवाज आला, दोन्ही बाजूंनी फिरवला तरी तसाच, न तुटणारा. लोखंडाचा आवाज बहुतेक वेळा एका बाजूने येतो आणि दुसऱ्या बाजूने फाटतो. आडवं-उभं फिरवून मधली जागा पकडली, खुरप्याने तीन बाजूंनी कापून मातीचा गड्डा झाकणासारखा उलटा केला, पिनपॉइंटर, म्हणजे हातात धरायचा छोटा डिटेक्टर, घातला, आणि हाताला लागलं एक हिरवट काळं, जाडसर, वेडंवाकडं चकतं. पाण्याने नुसतं ओलं केलं आणि ऊन तिरकं पडेल असं धरलं तेव्हा "राजा" दिसलं, खाली "शिव" अर्धं, ठसा कडेला सरकलेला, दुसऱ्या बाजूला दोन समांतर रेघा. दुदांडी शिवराई. छत्रपती शिवाजी महाराजांनी तांब्याची शिवराई पाडायला सुरुवात केली, पण हा दोन रेघांचा प्रकार नंतरचा, पेशवाईतला आणि त्याच्याही पुढं चाललेला, बाजारात ती काही फार दुर्मीळ नाही. आजीला दाखवली तर म्हणाली, "एवढंच?" आणि चहा ठेवायला गेली.

इथं एक कळकळीची विनंती, नाणं सापडलं की ते पितांबरीने, चिंचेने, लिंबाने घासायचं नाही! तांब्यावरचा तो हिरवा-तपकिरी थर एकदा गेला की अक्षरांच्या कडाही जातात आणि नाण्याची किंमतही. साध्या स्वच्छ पाण्यात भिजवा, मऊ ब्रशने माती सुटेल तेवढीच सोडवा, बस. आणि कागदावर लिहा, कुठल्या जागी, किती खोल, शेजारी काय निघालं. नाणी वाचायला शिकायचं असेल तर आपल्याला बाहेर कुठं जायची गरजच नाही, त्र्यंबक रोडला अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आहे, १९८० पासून, तिथलं नाण्यांचं संग्रहालय एकदा बघून या, मग हातात आलेलं चकतं शिवराई आहे, चांदोरी आहे की कंपनी सरकारचा पाव आणा, हे कळायला लागतं. चांदोरी म्हणजे आपल्या चांदवडच्या टांकसाळीचा रुपया हो.

कायद्याचं बोललं पाहिजे, कारण रीलमध्ये दिसतो तो कायदा इंग्लंडचा आणि आपला वेगळा. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही, म्हणजे वाड्याची भिंतसुद्धा आली, दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवायचं, काय सापडलं, कुठं, कधी. दहा रुपये हा आकडा १८७८ चा आहे, हसू नका, तो तसाच आहे. न कळवता लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि तुमचा वाटाही जातो. रीतसर कळवलं, कुणी दावेदार आला नाही आणि सरकारने घेतलं नाही तर सापडवणाऱ्याला तीन हिस्से, जागामालकाला एक हिस्सा, अर्थात आधी आपसात काही ठरलं नसेल तर. म्हणून आधीच लिहून ठेवा. आणि जागामालक नक्की कोण हे सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड बघून ठरवा, जुन्या वाड्यावर सात भावांची नावं असतात, एकाने हो म्हटलं आणि दुसऱ्याने पोलिसात फोन केला असं व्हायला वेळ लागत नाही, भाऊबंदकीत तुमचं मशीन नको सापडायला.

पांडवलेणी, सिन्नरचा गोंदेश्वर अशा संरक्षित ठिकाणी तर मशीन गाडीतून बाहेरच काढू नका, तिथं आणि त्याच्या आजूबाजूला खणणं सरळ गुन्हा. किल्ल्यांवरही नको. देवळालीकडे लष्कराच्या फायरिंग रेंजची हद्द आहे, तिथं जमिनीत जे असतं ते हाताने उकरायची वस्तू नाही.

कुणी म्हणेल एवढं कळवून काय मिळतं. मग जोगलटेंभीचं ऐका, आपल्याच जिल्ह्यातलं. १९०६ साली तिथं तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, शक राजा क्षत्रप नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा वरून मारलेला. पांडवलेणीतल्या लेखात त्याची आई गौतमी बलश्री सांगते की माझ्या मुलाने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्याच घराण्याचा, वंश निःशेष केला. आता आईने मुलाचं कौतुक केलं तर कोण मनावर घेतं, पण जोगलटेंभीच्या त्या नाण्यांनी ते खरं ठरवलं, नहपानाच्या चेहऱ्यावर सातवाहनांचा शिक्का, दुसरा पुरावा कशाला पाहिजे. तो साठा सोनाराच्या मुशीत गेला असता तर चांदीच तेवढी उरली असती.

बाकी छोट्या गोष्टी. खड्डा केला तो बुजवा, पायाने दाबा, खिळे-पत्रे पिशवीत भरून बरोबर न्या, घरमालक पुढच्या वेळी स्वतः बोलावतो. शहरातल्या जुन्या वाड्यात, भद्रकाली, सराफ बाजार ह्या भागात, खाली विजेच्या केबल आणि पाण्याच्या लाइन कुठून गेल्यात ते विचारल्याशिवाय पहार घालू नका. पडक्या भिंतीच्या खाली तर उभंही राहू नका, पावसानंतर मातीच्या भिंती सांगून पडत नाहीत.

वेळ म्हणाल तर दसऱ्यानंतरची. ओल असते, खुरपं जातं, ओलसर मातीत आवाजही बऱ्यापैकी येतो, गवत जरा बसलेलं असतं. मे महिन्यात आपली काळी माती कुदळीलाही दाद देत नाही. शेतात जायचं असेल तर सोयाबीन निघाल्यावर आणि कांद्याची लागवड व्हायच्या आधी जे रान मोकळं असतं तेवढ्यातच, तेही शेतकऱ्याला विचारून. द्राक्षबागेत मात्र जाऊच नका, लोखंडी अँगल आणि तारांच्या मांडवाखाली मशीन वेडं होतं, आणि बागाईतदार त्याच्या आधी.