‘मी ठीक आहे’ म्हणणाऱ्यांसाठी

नमस्कार. माझी ओळख करून देताना सेक्रेटरी म्हणाले, ‘बाई वेळेच्या अगदी पक्क्या.’ खरं सांगू? मी वीस मिनिटं आधीच आले होते आणि खाली जिन्यापाशी उभी राहून फोनवर उगाच बोट फिरवत होते. लवकर वर यावं तर तुमची धांदल, उशीर तर नकोच. तेव्हा आजचा विषय, म्हणजे स्वतःला गरजेपेक्षा जास्त आवरून धरणारी माणसं, मी नुसता पुस्तकात वाचलाय असं समजू नका.

आपल्याकडे संयम म्हणजे सद्गुणच. पोर पडलं आणि रडलं नाही, तर ‘शहाणं बाळ ते’. घरात माणूस गेलं आणि बाईनं तेराव्यापर्यंत डोळ्यांतून टिपूस न काढता पाहुण्यांचं सगळं बघितलं, तर ‘किती खंबीर!’ तिला नंतर कुणी विचारायला जात नाही, कारण ती ‘ठीक’ असते.

मानसोपचारांचाही भर बराच काळ आवरण्यावरच राहिला. मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी घडवलेली डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही उपचारपद्धती मुळात भावनांचा लोंढा न आवरणाऱ्या, स्वतःला इजा करून घेणाऱ्या माणसांसाठी. तिनं अनेकांना सावरलं. पण थॉमस लिंच या मानसशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की वर्षानुवर्षं नैराश्यात असलेली किंवा ॲनोरेक्सिया (वजनाच्या धास्तीनं खाणं तोडण्याचा आजार) झालेली काही माणसं मुळातच सगळं घट्ट धरून बसलेली असतात. त्यांना आणखी आवरायला शिकवणं म्हणजे मधुमेह्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवणं. लिंच यांनी इंग्लंडमध्ये, साउदॅम्प्टन विद्यापीठात असताना ‘रॅडिकली ओपन डीबीटी’, म्हणजे आवरण्याऐवजी मोकळं व्हायला शिकवणारी पद्धत, पुढे नेली. तिचा मोठा ग्रंथ 2018 साली आला.

ही माणसं ओळखायची कशी? ती कुणाला त्रास देत नाहीत, हीच अडचण. कामवालीनं घासलेली भांडी पुन्हा विसळतील. चार ओळींचा ईमेल अकरा वेळा वाचतील. सहलीला जाताना कुणी ऐन वेळी रस्ता बदलला तर हसत ‘चालेल की’ म्हणतील आणि तीन दिवस धुमसतील. बाहेरून चेहरा कोरा. लिंच यांचं म्हणणं असं, की यांचं मूळ दुखणं एकटेपणाचं आहे. माणसात वावरूनही माणसात नसण्याचं.

हे कसं होतं? 2003 साली एमिली बटलर, जेम्स ग्रॉस आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एकमेकींना न ओळखणाऱ्या स्त्रियांच्या जोड्या केल्या, अस्वस्थ करणारी एक फिल्म दाखवली आणि तिच्यावर बोलायला सांगितलं. काही जोड्यांत एकीला गुपचूप बजावलं होतं, की मनातलं चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. तर समोरचीचा रक्तदाब वाढला! तिला काहीच ठाऊक नव्हतं, पण शरीराला कळलं. तुम्ही चेहरा बंद करता तो दुसऱ्याला त्रास नको म्हणून, आणि समोरचा नेमका त्यानंच बिचकतो, लांब जातो. मग तुम्हाला वाटतं, माझ्यातच काहीतरी कमी आहे; आणखी नीट वागायला हवं.

म्हणून इथे उपचार मनाच्या तळाशी बुडी मारण्याआधी चेहऱ्यापासून सुरू होतो. थेरपिस्टच्या खुर्च्यासुद्धा समोरासमोर नसतात, जरा तिरक्या आणि अंतर राखून. रोखून पाहिलं की ही मंडळी आणखी मिटतात. आता तुम्हीही करून बघा. खुर्चीत मागे टेका. सावकाश, खोल श्वास घ्या. ओठ मिटूनच हसा, डोळ्यांपर्यंत पोचेल असं. आणि भुवया वर! ...मागच्या रांगेतले काका, तुम्ही नुसतेच बघताय. असू दे, मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. शरीराला ‘इथे धोका नाही’ असं कळवायची ही वाट आहे, आणि समोरच्यालाही.

गटाच्या वर्गात याहून गंमत. शिकवणारी व्यक्ती मध्येच, काही न सांगता, हात हलवत विचित्र आवाज काढायला लागते आणि सगळ्यांनी तिच्याबरोबर तेच करायचं. मिनिटभर. मग काही झालंच नाही अशा थाटात धडा पुढे. आधी सूचना दिली तर ही माणसं घरून तालीम करून येतील!

‘मलामती’ या निशापूरच्या जुन्या सूफी पंथाकडून लिंच यांनी आत्मपरीक्षणाचा धागा घेतला. मलामत म्हणजे निंदा, दोष देणं. आपल्याला हे परकं वाटायला नको. ‘निंदकाचे घर असावे शेजारी’ आपण म्हणतोच. इथे फरक एवढाच, की स्वतःला झोडपायचं नाही. एखादी गोष्ट टोचली तर वहीत रोज पाचेक मिनिटं लिहायचं: ‘यातून मला काय शिकण्यासारखं आहे?’ उत्तर झटकन आलं तर त्याच्यावर जरा संशय घ्यायचा. परिपूर्णतेची सवय असलेल्यांना हे फार जड जातं. ते वहीसुद्धा पहिल्या नंबरासाठी लिहितात.

हे रामबाण आहे का? नाही. ब्रिटनमध्ये सहजी न हटणाऱ्या नैराश्याच्या 250 रुग्णांवर या पद्धतीची मोठी चाचणी झाली, 2020 मध्ये निष्कर्ष आले. उपचार संपताना, सातव्या महिन्यात, फरक स्पष्ट होता. बाराव्या महिन्यात तो इतका उरला नाही की खात्रीनं बोट ठेवावं. आणि चाचणीचा मुख्य निकष बाराव्या महिन्यातला फरक हाच होता. मला तरी पद्धत पटते, पण पटणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं.

शेवटी एक प्रसंग, तपशील बदलून. एक गृहस्थ माझ्याकडे येत. बायकोवर कधी आवाज चढवला नाही, याचा त्यांना अभिमान. त्यांना एकच काम दिलं होतं: राग आला तर त्याच दिवशी, साध्या शब्दांत सांगायचं. दोन आठवडे जमलं नाही. तिसऱ्या आठवड्यात भाजी चिरताना ते बायकोला म्हणाले, ‘काल तू माझं बोलणं मध्येच तोडलंस, मला राग आला.’ तिनं विळी बाजूला ठेवली. त्यांना वाटलं, झालं, आता भांडण.

ती म्हणाली, ‘तुम्हाला येतो राग? बावीस वर्षं मला वाटतंय, मी असले काय नि नसले काय, यांना सारखंच.’