पॅनेलवरचा आकडा

(दृश्य: महापे, नवी मुंबई. पहाटेचे पावणेसहा. हॉटेलची गच्ची, आवरण घातलेल्या दोन टाक्या, भिंतीवर करड्या रंगाचे पॅनेल.)

पूर्वेला पारसिकचा डोंगर अजून काळोखात आहे. खाली ठाणे-बेलापूर रस्त्यावर रात्रपाळीच्या लोकांना घेऊन जाणाऱ्या बस दिसू लागल्या आहेत. नव्वद खोल्यांच्या या हॉटेलच्या गच्चीवर गरम पाण्याच्या बॉयलरचा गॅस बर्नर नुकताच पेटला आहे आणि पॅनेलवरील कंट्रोलरच्या, म्हणजे तापमान पाहून बर्नर चालू-बंद करणाऱ्या यंत्राच्या, लाल अक्षरांत ६८ अंश सेल्सिअस हा आकडा झळकतो आहे. चौथ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीतील पाहुण्याने मात्र आताच खाली फोन करून सांगितले आहे की, त्याच्या नळाला साधे कोमट पाणीही येत नाही. त्याच मजल्यावर जिन्यालगतच्या खोलीत काल एका बाईंच्या हाताला चटका बसला होता.

ही तक्रार दीड महिन्याची आहे. तेवढ्या काळात सेट पॉइंट, म्हणजे पाणी किती तापवायचे तो ठरवलेला आकडा, दोन-दोन अंशांनी वर सरकत ६० वरून ६८ वर येऊन पोहोचला. तक्रार आली की बटण दाबायचे, हा आपल्याकडचा सर्वांत लोकप्रिय उपाय. तो सोपा आहे, त्याला खर्च येत नाही आणि काहीतरी केल्याचे समाधानही मिळते. परंतु पॅनेलवरचा आकडा हा हॉटेलातल्या पाण्याचा आकडा नसतो. टाकीच्या एका कोपऱ्यात खोचलेल्या बोटभर सळईला जेवढे कळते, तेवढेच तो सांगतो.

(दृश्य: तंत्रज्ञ टाकीच्या बाजूची टोपी उघडतो. सेन्सर जवळून.)

ही सळई म्हणजे पीटी-१०० जातीचा सेन्सर. तिच्या टोकाशी प्लॅटिनमची अतिशय बारीक तार असते. शून्य अंशाला या तारेचा विद्युतरोध बरोबर १०० ओहम असतो आणि १०० अंशांना तो १३८.५ ओहम होतो. कंट्रोलरला तापमान असे काही कळतच नाही. तो फक्त रोध मोजतो आणि त्याच्या स्मरणातील कोष्टकावरून अंश दाखवतो. १२३.२४ ओहम म्हणजे ६० अंश. एका अंशाला सुमारे ०.३८५ ओहम, इतका बारीक हा हिशेब आहे.

आलेल्या तंत्रज्ञाने म्हणूनच पहिला अर्धा तास एकाही बटणाला हात लावला नाही. त्याने स्वतःजवळच्या तापमापकाने टाकीच्या निघत्या पाइपवरील पाणी मोजले, तेव्हा ते ६४ अंश भरले. चार अंशांचा फरक कुठून आला, हे शोधत तो सेन्सरच्या वायरीमागे गेला आणि पॅनेलच्या अलीकडे, पावसापाण्यात उघड्यावर, काळ्या टेपने गुंडाळलेला एक जोड त्याला सापडला. सेन्सरला मुळात तीन वायरी असतात. तिसरी वायर असते ती लांबलचक वायरींचा स्वतःचा रोध वजा करता यावा म्हणून. सेन्सर बदलताना कोणीतरी घरातल्या विजेची दोन पदरी वायर जोडून काम भागवले होते. ती लांब वायर आणि तो गंजलेला जोड यांचा मिळून दीड ओहम रोध प्लॅटिनमच्या रोधात मिसळत होता, आणि दीड ओहम म्हणजेच चार अंश.

“अहो साहेब, दाखवतंय तर बरोबर,” असे बॉयलर सांभाळणाऱ्या काकांचे म्हणणे होते. “काका, दाखवतंय ते वायरीसकट दाखवतंय,” एवढेच तो म्हणाला. कंट्रोलरच्या मेनूमध्ये अशी चूक झाकण्यासाठी आकड्यात काही अंश मिळवण्याची किंवा वजा करण्याची सोय असते. चार अंश वजा करून तो दहा मिनिटांत मोकळा झाला असता. पण पावसाळ्यात जोड आणखी गंजला की चाराचे सहा होतात, आणि झाकलेली चूक पुन्हा शोधायला दुप्पट वेळ लागतो. त्याने तीन पदरी वायर नव्याने ओढून घेतली. सळई तिच्या नळीत तळापर्यंत गेली आहे का आणि मधल्या पोकळीत उष्णता वाहून नेणारी पेस्ट भरली आहे का, हेही त्याने पाहिले. तिथे हवा राहिली, तर पाणी तापून गेल्यावर सेन्सरला ते उशिरा कळते.

आता प्रश्न उरतो तो मूळ आकड्याचा. साठच का? अंघोळीला तर बेचाळीस अंशही पुरेसे होतात.

याचे उत्तर १९७६ सालच्या उन्हाळ्यात आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात एका हॉटेलमध्ये अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे संमेलन भरले होते. तिथून परतलेल्या अनेकांना न्यूमोनियासारखा आजार झाला आणि त्यांतील काही जण दगावले. पुढच्या वर्षाच्या प्रारंभी त्यामागचा जिवाणू ओळखला गेला आणि त्या संघटनेच्या नावावरून त्याला लेजिओनेला म्हणू लागले. हा जिवाणू साधारण २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतो, म्हणजे नेमक्या अंघोळीच्या पाण्यात. शॉवरच्या तुषारांतून तो फुप्फुसात जातो. साठ अंशांना तो काही मिनिटांत मरतो. म्हणून साठवणीचे पाणी ६० अंशांवर असावे आणि फिरून टाकीकडे परतणारे पाणीही ५० च्या खाली जाऊ नये, असा दंडक अनेक देशांत पाळला जातो.

आणि हेच साठ अंश त्वचेला सोसत नाहीत. प्रौढ माणसाच्या कातडीला इतक्या गरम पाण्याने सुमारे पाच सेकंदांत गंभीर भाजते, लहान मुलांना त्याहून लवकर. ४९ अंशांना मात्र तेवढेच भाजायला काही मिनिटे लागतात. टाकीला साठ हवे आणि नळाला त्रेचाळीसच्या वर नको, हा पेच कोणत्याही कंट्रोलरने सुटत नाही. त्यासाठी मजल्यावर मिक्सिंग व्हॉल्व्ह असतो. तो आतल्या आत गार पाणी मिसळून ठरलेल्या अंशाचे पाणी पुढे सोडतो. चौथ्या मजल्यावर जिन्याकडच्या भागातला हा व्हॉल्व्ह बिघडल्यावर काढून तिथे सरळ पाइप जोडण्यात आला होता. बाईंना बसलेला चटका तिथला, आणि सेट पॉइंट वाढल्यावर तो अधिकच तीव्र झाला होता.

(दृश्य: बर्नर पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो.)

सेट पॉइंट ६० वर आणल्यावर तंत्रज्ञाचे लक्ष गेले ते डिफरन्शियल या खान्याकडे. पाणी किती उतरल्यावर बर्नर पुन्हा पेटवायचा, हे अंतर त्यात भरायचे असते. तिथे १ हा आकडा होता. परिणामी पाणी अंशभर उतरले की बर्नर पेटत होता आणि दोन-तीन मिनिटांत विझत होता. हे ऐकायला काटेकोर वाटते. पण गॅसचा बर्नर पेटण्यापूर्वी प्रत्येक वेळी पंखा काही सेकंद नुसती हवा मारून भट्टीत राहिलेला गॅस बाहेर काढतो. सुरक्षेसाठी ते आवश्यकच आहे, पण ती गार हवा तापलेल्या बॉयलरमधून जाते आणि त्याची ऊब चिमणीवाटे पारसिकच्या दिशेने निघून जाते. तासाला दहा वेळा पेटणाऱ्या बर्नरचे गॅसबिल असे फुगते, आणि पेटवणारी स्पार्कची जोडणी व रिले, म्हणजे बर्नरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, लवकर झिजतात ते वेगळेच. डिफरन्शियल ५ केले. साठाच्या दोन्ही बाजूंना अडीच अंश, म्हणजे ६२.५ ला विझायचे आणि ५७.५ ला पेटायचे, त्यामुळे सरासरी साठाच्या आसपास राहते.

बर्नर नुसता चालू-बंद होणारा नसेल, ज्वाला कमीजास्त करणारा असेल, तर तिथे पीआयडी नावाची पद्धत येते. तिचे गणित १९२२ मध्ये अभियंता निकोलस मिनॉर्स्की यांनी मांडले, तेही बॉयलर पाहून नव्हे. जहाजाचा सुकाणूधारी सुकाणू कसे फिरवतो, याचे निरीक्षण त्यामागे होते. बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या खाडीत होडी हाकणारा कोळी हेच रोज करतो. वाट किती सुटली आहे, किती वेळ सुटलेली आहे आणि होडी किती वेगाने वळते आहे, या तिन्हींचा अंदाज घेऊन तो हात चालवतो. कंट्रोलरला हे तीन अंदाज तीन आकड्यांनी द्यावे लागतात. बहुतेक कंट्रोलरमध्ये ते स्वतः शोधून काढणारी ऑटो ट्यूनची सोय असते, मात्र ती पाणी वापरात नसताना चालवली तर सकाळच्या गर्दीला निरुपयोगी आकडे देते. या हॉटेलचा बर्नर साधा आहे, त्यामुळे इथे तो प्रश्न उद्भवला नाही.

बॉयलरच्या पोटातले पाणी हे टाकीतल्या पाण्यापेक्षा वेगळे असते आणि त्याचा थर्मोस्टॅटही वेगळा असतो. तो ८० अंशांवर ठेवलेला होता आणि तसाच राहू दिला. गॅस जळल्यावर जी वाफ होते, ती पंचावन्न अंशांच्या आसपास निवून पाणी बनते. साध्या लोखंडी बॉयलरमध्ये परतीचे पाणी त्याहून गार असेल, तर आतल्या पत्र्यावर ते आम्लयुक्त थेंब साचून गंज चढतो.

एवढे सगळे करूनही चौथ्या मजल्यावरची शेवटची खोली गारच होती.

टाकीपासून तिथवर सुमारे साठ मीटर पाइप आहे. आतून ३२ मिलिमीटर व्यासाच्या पाइपात मीटरमागे ०.८ लिटर पाणी मावते, म्हणजे साठ मीटरमध्ये ४८ लिटर. रात्रभर गार झालेले हे ४८ लिटर आधी नळातून वाहून जावे लागतात. नळ मिनिटाला आठ लिटर देत असेल, तर पाहुणा सहा मिनिटे हात धरून उभा राहतो. गच्चीवर कितीही अंश वाढवले, तरी या सहा मिनिटांतले एकही मिनिट कमी होत नाही. हे होऊ नये म्हणून पाइपातले पाणी सतत टाकीकडे परत फिरवणारा छोटा पंप असतो. इथेही तो होता, टायमरवर, पहाटे पाच वाजता सुरू होण्यासाठी लावलेला.

टायमरच्या पडद्यावर तेव्हा दुपारचे ४:१० वाजले होते. काकांच्या मनगटावरील घड्याळात संध्याकाळचे सहा वाजून वीस मिनिटे झाली होती. टायमरमधला नाण्याएवढा सेल संपला होता, आणि वीज गेली की त्याचे घड्याळ तेवढा वेळ थांबून राहत होते. दीड महिन्यात मागे पडत पडत ते दोन तास दहा मिनिटांनी मागे गेले होते. पाहुणे उठत होते साडेपाचला आणि पंप उठत होता सात वाजून गेल्यावर. नव्या सेलच्या किमतीत दोन कटिंग चहा आणि एक वडापाव येतो.

सकाळचे वेळापत्रक मग हिशेबाने बसवले. टाक्यांत मिळून ३,००० लिटर पाणी आहे. हिवाळ्यात ते २५ अंशांवरून ६० वर न्यायला ३,००० गुणिले ३५, म्हणजे १,०५,००० किलोकॅलरी उष्णता लागते, आणि हा बॉयलर तासाला १,००,००० देतो. वाटेत जाणारी उष्णता धरून त्याला दीड तास द्यावा लागतो, म्हणून बर्नरची परवानगी साडेतीनपासून आणि पंप साडेचारपासून. विजेवर तापवणाऱ्या हॉटेलांना इथे आणखी एक विचार करावा लागतो. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार १० किलोवॅटच्या वरच्या व्यावसायिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून वेळेनुसार दर लागू करायचे आहेत आणि उन्हाच्या तासांत वीज स्वस्त ठेवायची आहे. त्यामुळे टाक्या मोठ्या असतील, तर दुपारी तापवून ठेवणे परवडते.

(दृश्य: पॅनेलच्या बाजूला, वेगळ्या डबीत, लाल बटण.)

हे बटण कंट्रोलरच्या मेनूत कुठेही सापडत नाही, आणि ते तसेच असायला हवे. त्याचा सेन्सर वेगळा आहे. ८५ अंशांना तो बर्नरची वीज स्वतः तोडतो आणि माणसाने येऊन दाबल्याशिवाय पुन्हा जोडत नाही. कंट्रोलरचा रिले चिकटला, तर एवढाच आधार असतो, आणि त्याच्याही पलीकडे ९९ अंशांना उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह. १९२३ च्या बॉयलर कायद्याच्या व्याख्येतून १०० अंशांखाली पाणी तापवणारी भांडी वगळलेली होती. त्या कायद्याची जागा २०२५ मध्ये नव्या अधिनियमाने घेतली आहे. पलीकडच्या रबाळे-तुर्भ्यातल्या कारखान्यांमधील वाफेच्या बॉयलरला निरीक्षकाची तपासणी असते, तशी इथे कोणाची वाट पाहता येत नाही. तंत्रज्ञाने काकांना ते बटण सहा महिन्यांतून एकदा मुद्दाम ट्रिप करून, म्हणजे वीज तोडायला लावून, पाहायला सांगितले, आणि काकांनी ते पेन्सिलने पॅनेलच्या दारामागे लिहून ठेवले. त्याच कागदावर ६०, ५, साडेतीन आणि साडेचार हे आकडे आहेत, आणि त्याखाली तारीख.

(दृश्य: दुसरा दिवस. चौथा मजला, शेवटची खोली. पहाटेचे पावणेसहा. नळाखाली बादली, काकांच्या हातात तापमापक.)

नळ सोडल्यावर पहिला लिटरभर गार पाणी येते, कारण मुख्य पाइपापासून न्हाणीघरापर्यंतच्या तुकड्यात पंप पोहोचत नाही. नंतर ते ३४ होते, मग ३९. अकराव्या सेकंदाला काटा ४२ वर येऊन थांबतो. काका नळ बंद करतात, बादली तशीच ठेवतात आणि जिन्यालगतच्या खोलीकडे निघतात. तिथला नवा व्हॉल्व्ह अजून तपासायचा आहे.