थंडी, चरबी आणि सहा जणी

(दृश्य: पांढराशुभ्र माळ. एका रांगेत सरकणाऱ्या सहा आकृत्या. फक्त वाऱ्याचा आवाज.)

20 नोव्हेंबर 2017. अंटार्क्टिकातली लेव्हरेट हिमनदी. ब्रिटिश लष्करातल्या सहा जणी इथून निघाल्या आहेत. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर आणि दोराच्या टोकाला 80 किलोपर्यंत वजनाची स्लेज. पल्ला 1,700 किलोमीटरचा. कधी कधी पारा उणे 40 च्या आसपास जातो.

62 दिवसांनी त्या हर्क्युलिस इनलेटला पोचल्या. शरीराची मोजमापं झाली. प्रत्येकीचं वजन सरासरी नऊ किलोंहून जास्त उतरलं होतं. यात आश्चर्य काही नाही, इतकं ओढल्यावर वजन उतरणारच. आश्चर्य पुढे आहे. जे गेलं ती सगळी चरबी होती. स्नायू जवळजवळ होते तेवढेच राहिले.

आता पंचवीस वर्षं मागे जाऊ.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. दाढीत बर्फ अडकलेले दोन पुरुष.)

1992 च्या हिवाळ्यात ब्रिटिश साहसवीर रॅनल्फ फाइन्स आणि डॉक्टर माइक स्ट्राउड याच खंडावर उतरले. तिथे अर्थात तेव्हा उन्हाळा, पण तो नावाचाच. वाटेत कुणाकडून रसद घ्यायची नाही असं ठरलेलं, त्यामुळे सुरुवातीला प्रत्येकाच्या स्लेजवर 200 किलोंहून अधिक ओझं. स्ट्राउड स्वतःच संशोधक आणि स्वतःच प्रयोगाचा उंदीर.

किती ऊर्जा खर्च होते हे मोजायची त्यांची पद्धत ऐकण्यासारखी आहे. एक खास पाणी प्यायचं. त्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन नेहमीपेक्षा किंचित जड. मग दर काही दिवसांनी लघवीचा नमुना बाटलीत भरून ठेवायचा. जड हायड्रोजन फक्त पाण्यावाटे बाहेर पडतो, जड ऑक्सिजन पाण्यावाटेही जातो आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही. दोघांच्या घटण्यातला फरक काढला की शरीराने किती इंधन जाळलं ते कळतं. तंबूत बोटं बधिर झालेली असताना त्या बाटल्या सांभाळायच्या, ही चिकाटी मला चालण्याइतकीच मोठी वाटते.

पठारावर चढतानाच्या दिवसांत आकडा निघाला रोज दहा हजार कॅलरींच्या वर. पोटात जात होत्या सुमारे पाच हजार, त्याही जेवणात लोणी कोंबून. 95 दिवसांत दोघांचं वजन 20 किलोंहून जास्त घटलं. चरबी संपत आली, तसे स्नायूही झिजले.

मग बायका थंडीत वरचढ ठरल्या का? थांबा. इकडे दोन पुरुष, तिकडे सहा जणी. इकडे 95 दिवस, तिकडे 62. बायकांना वाटेत दोनदा रसद मिळाली, ओझंही निम्म्याहून कमी. ही शर्यत नव्हतीच. तरी एक गोष्ट प्रयोगशाळेतल्या सायकलवर आणि ट्रेडमिलवरही पुन्हा पुन्हा दिसलेली आहे: दीर्घ व्यायामात, तेवढ्याच दमछाकीला, बायकांचं शरीर पुरुषांपेक्षा चरबी जास्त वापरतं आणि कर्बोदकं राखून ठेवतं. यात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा हात आहे.

(दृश्य: थर्मल कॅमेऱ्यात माणूस. मान आणि गळ्याची हाडं लालभडक.)

आणि चरबी जळण्यात थंडीचा हात किती? इथे तपकिरी चरबीचं नाव निघतं. ही चरबी साठून राहण्याऐवजी जळून ऊब देते. 2009 साली बॉस्टनच्या संशोधकांनी हजारो स्कॅन तपासले, तेव्हा ती साडेसात टक्के बायकांमध्ये दिसली आणि पुरुषांमध्ये तीन टक्क्यांच्या थोडी वर. पण मोठ्या माणसात ती असते मूठभर. शिवाय पळताना स्नायूंतली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊनच बाहेर पडते. अंग आधीच तापलेलं असताना वेगळी शेगडी कशाला पेटवायची? आणि कुडकुडायला लागलं, तर शरीर कर्बोदकंही भराभर वापरतं.

कॅनडात 11 जाडसर माणसांना एकदा शून्य अंशात आणि एकदा 21 अंशांत सायकलवर जोरदार फेऱ्या मारायला लावल्या. व्यायाम चालू असताना थंडीत चरबी तिपटीहून जास्त जळली. जाहिरातीला एवढं पुरे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता देऊन पुन्हा तपासलं, तर थंडीचा फायदा उरलेला नव्हता.

माझं मत विचाराल, तर खरी गडबड भुकेत आहे. फ्लोरिडात 11 पुरुषांनी पाण्यात बसून सायकल मारली, एकदा 20 अंशांच्या पाण्यात, एकदा 33 अंशांच्या. दोन्ही वेळा ऊर्जा जवळपास सारखीच खर्च झाली. नंतर समोर हवं ते खाणं ठेवलं. कोमट पाण्यातून आलेल्यांनी सरासरी 608 कॅलरी खाल्ल्या. थंड पाण्यातून आलेल्यांनी 877.

(दृश्य: पहाटेचं धुकं. पायऱ्या उतरणारे पाय.)

जानेवारीत पहाटे पर्वतीच्या 103 पायऱ्या चढून आलेली मंडळी, कानटोपी न काढताच आधी कुठे वळतात, ते पुणेकरांना सांगायला नको.