सोळा आणे काळी

(दृश्य : इतवारीची गल्ली. ढोल-ताशे, खच्चून गर्दी, मधोमध डुलत येणारी मारबत, म्हणजे बाईचा भलामोठा पुतळा.)

"इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात पाय ठेवायला जागा नसते. काळी मारबत निघते १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. दोघींमागे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, आणि त्यांच्या गळ्यात त्या वर्षीच्या सगळ्या तक्रारींच्या पाट्या.

मी दरवर्षी ही मिरवणूक शूट करतो. गेल्या साली रात्रभर जागून फिल्म कापली, मंडळाच्या हॉलात लॅपटॉप टीव्हीला जोडला. दोन मिनिटं झाली नसतील, मागून एक काका म्हणाले, "काऊन बे, मारबत काळी हाये का राखेत लोळून आली?"

खोटं नव्हतं. काळी चक्क राखाडी दिसत होती.

घरी येऊन मी काय केलं? काळं खाली ओढलं, कॉन्ट्रास्ट चढवला, पुन्हा रेंडरला टाकलं. त्या टीव्हीवर झकास! मग तीच फाइल ग्रुपवर गेली आणि फोन सुरू झाले. हनुवटीखालची सावली नाही, दंडाची गोलाई नाही. नुसतं डांबर.

(दृश्य : एडिटिंगचं टेबल. मॉनिटरवर वेव्हफॉर्म, म्हणजे चित्राच्या उजेडाचा आलेख.)

पहिली फिल्म बरोबरच होती. गोंधळ होता आकडा वाचण्याचा. आठ बिटच्या व्हिडिओत उजेडाच्या २५६ पायऱ्या, ० ते २५५. कॉम्प्युटरच्या लेखी ० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं. टीव्हीवाल्यांचं काळं मात्र १६ वर आणि पांढरं २३५ वर. हे माप डिजिटल टीव्हीच्या, १९८२ च्या बीटी.६०१ मानकातलं. अ‍ॅनालॉग सिग्नल डिजिटल करताना तो काळ्याच्या खाली, पांढऱ्याच्या वर थोडा उसळतो. ती उसळी छाटली जाऊ नये म्हणून दोन्हीकडे जागा सोडलेली. अ‍ॅनालॉग गेलं, माप राहिलं.

त्या रात्री लॅपटॉप १६ ते २३५ पाठवत होता आणि टीव्ही ० ते २५५ समजून बसला होता. १६ ला तो काळं मानेचना. टीव्हीच्या मेनूत एक एचडीएमआय सेटिंग बदलायचं होतं. मी ते सोडून धडधाकट फिल्मचा गळा दाबला.

पिवळीचं दुखणं उलटं. एका पोरानं फोनवर काढलेली क्लिप होती ० ते २५५ ची, पण फाइलवर तशी खूणच नव्हती. सॉफ्टवेअरनं तिला १६ ते २३५ ची धरून ताणलं. आता बघा, रेक. ७०९ या एचडी टीव्हीच्या मानकाच्या हिशोबानं पूर्ण पिवळ्याचा उजेड ० ते २५५ च्या मापात २३७ वर बसतो. म्हणजे २३५ च्या पलीकडे, आणि ताणल्यावर तिथलं सगळं छाटलं गेलं! पिवळीचे गाल पतंगाच्या कागदासारखे सपाट झाले. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्स उघडलं, डेटा लेव्हल्स 'ऑटो'वरून 'फुल' केलं. गाल परत आले. रंगाच्या एकाही चाकाला हात न लावता.

'ऑटो'वर माझा भरवसा तेव्हापासून उडाला. क्लिप आत घेताना एकदा बघतो, रेंडर करताना एकदा. मधे डोळ्यांपेक्षा वेव्हफॉर्मचं ऐकतो. रात्री दोन वाजता डोळे काहीही सांगतात.

(दृश्य : मंडळाचा हॉल. टीव्हीवर काळ्या पट्ट्या.)

यंदा फिल्मच्या आधी टीव्हीवर दोन पट्ट्या लावल्या, एक १६ ची, एक २० ची. १६ ची अंधारात मिसळायला हवी, २० ची जेमतेम उठायला हवी. आधी दोन्ही राखाडी दिसल्या. रिमोट मागितला, सेटिंग बदललं. एक बुडाली, एक उरली.

दिवे गेले. काळी आली, काळीकुट्ट, आणि तरी हनुवटीखालची सावली वेगळी.

मागच्या खुर्चीवरून तेच काका : "आवाज वाढव ना बे!"