नांदेडला पुरेल एवढं विमान

(दृश्य : नांदेड विमानतळ. शिडीवरून उतरणारे प्रवासी. काहींच्या डोक्यावर केशरी पगडी.)

हजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबातून यायचं, तर सचखंड एक्सप्रेसमध्ये दिवस-दीड दिवस जायचा. 2024 मध्ये आदमपूरहून विमान सुरू झालं आणि हा प्रवास काही तासांवर आला.

त्याआधी बरंच घडून गेलं होतं. ‘उडान’ योजनेतल्या अगदी पहिल्या मार्गांत नांदेड–हैदराबाद होता. 27 एप्रिल 2017. पुढे ती सेवा बंद पडली. असं पुन्हा होऊ नये, यासाठी गावाला मापाचं विमान हवं. 180 आसनांचं विमान रोज भरेल एवढी गर्दी इथे कुठून आणायची?

(दृश्य : ब्राझीलच्या एम्ब्रेयर कंपनीच्या 175 या जेट विमानाच्या आत.)

दोन्ही बाजूंना दोन-दोन खुर्च्या. मधली खुर्चीच नाही, त्यामुळे कुणी अवघडून बसत नाही. स्टार एअरच्या या विमानात आसनं 76.

कोल्हापूरच्या घोडावत समूहाची ही कंपनी 2019 मध्ये 50 आसनी जेटवर उभी राहिली. डावीकडे एक खुर्ची, उजवीकडे दोन. तशी जेट आता जुनीच मिळतात. वैमानिक दोन, इंजिनं दोन, आणि खर्च वाटून घ्यायला माणसं मात्र पन्नासच; ते गणित जगभर कोलमडलं. त्याहून थोडी मोठी जेटही टिकली नाहीत. कॅनडात बनणारं सीआरजे हे लहान जेट; त्यातलं शेवटचं 2021 मध्ये बाहेर पडलं. जपानच्या मित्सुबिशीने आपलं स्पेसजेट हे नवं लहान जेट 2023 मध्ये सोडूनच दिलं.

एम्ब्रेयरने कमी इंधन पिणारं नवं 175 आखलं, पण ते थोडं जड झालं. अमेरिकेत वैमानिक संघटनांच्या करारांनी प्रादेशिक विमानांना 76 आसनं आणि सुमारे 39 टनांची मर्यादा घातली आहे. सगळ्यात मोठं गिऱ्हाईकच ते घेऊ शकत नाही, म्हणून काम थांबलं. तिकडच्या करारातलं एक कलम, आणि नांदेडच्या धावपट्टीवर जुन्याच पिढीचं इंजिन! मला हे फार लागतं.

(दृश्य : एटीआरचा सहा पात्यांचा पंखा, जवळून.)

जवळच्या अंतराला पंख्याचं एटीआरच बरं. इंधन बरंच कमी लागतं. गोव्याची फ्लाय91 त्यावरच जळगावला जाते. पण नांदेडहून दिल्लीकडचं हजारेक किलोमीटरचं अंतर जेटनेच सोयीचं.

ऑक्टोबर 2025 मध्ये एचएएल या सरकारी विमान कंपनीने एसजे-100 हे प्रवासी जेट भारतात बनवण्यासाठी रशियाच्या यूएसी कंपनीशी सामंजस्य करार केला. कारखान्यातून विमान बाहेर पडायला वर्षं लागतील. तोवर लहान कंपनीचं एक विमान दुरुस्तीला गेलं, की कुठल्यातरी गावाची फेरी रद्द.

(दृश्य : रांगेत उभी आजी, हातात बोर्डिंग पास.)