दातांच्या दवाखान्याची पाटी: आजोबांना वाचता येईल अशी

मंडळी, दातांच्या दवाखान्याची पाटी वाचणारा माणूस बहुतेक वेळा गालावर हात धरून उभा असतो. नाहीतर कवळी बसवायला आलेले आजोबा असतात, चष्मा घरी राहिलेला. त्यांना चारच गोष्टी हव्या असतात: दवाखाना दातांचाच आहे ना, आत्ता उघडा आहे का, वर जायचं कसं आणि फोन कुठला. आता बेळगावच्या खडेबाजारात किंवा टिळकवाडीत मान वर करून बघा. निम्म्या फ्लेक्सवर पांढरेशुभ्र दात दाखवणारी हसरी बाई, तिच्या शेजारी इंग्रजी पदव्यांची रांग आणि वेळ सगळ्यात खाली, बोटभर अक्षरांत. हा क्रम उलटा कसा करायचा, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आधी नियम बघू, कारण जागा तेच ठरवतात. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर पाटीवर ६० टक्के कन्नड हवं आणि ते वरच्या भागात हवं. दुसरं, दंतवैद्यांसाठी २०१४ ची आचारसंहिता आहे. रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करणं तिच्यात बसत नाही. दवाखाना सुरू झाला, पत्ता बदलला, अमुक दिवस बंद राहील, अशी निवेदनं चालतात. म्हणजे ‘शंभर टक्के वेदनारहित’ आणि ‘पहिल्या पन्नास जणांना सवलत’ हे मजकूर डीटीपीला जाण्याआधीच कापायचे. डॉक्टरांना थोडं वाईट वाटेल, पण पाटीची चांगली चतुर्थांश जागा त्यानेच मोकळी होते.

आता सहा बाय तीन फुटांची पाटी घ्या. उंची ३६ इंच. वर-खाली दोन-दोन इंच कडा सोडली की उरले ३२. त्यातले ६० टक्के, म्हणजे साधारण १९ इंच, कन्नडला गेले, राहिले १३. समोरच्या फुटपाथवरून, म्हणजे साधारण ३० फुटांवरून, अक्षर आरामात वाचायचं तर ते तीन इंच उंच हवं. दर दहा फुटांना एक इंच हा पाटीवाल्यांचा जुना हिशेब. पण हा हिशेब इंग्रजी कॅपिटल अक्षरांचा आहे. मराठीत ते तीन इंच शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजायचे. वेलांटी, मात्रा, अनुस्वार त्याच्या वर आणि उकार त्याच्या खाली. त्यामुळे तीन इंचांची एक ओळ प्रत्यक्षात सहा इंच खाते. १३ इंचांत दोनच ओळी बसतात. पहिली ‘दातांचा दवाखाना’, दुसरी वेळ आणि फोन. इंग्रजीसाठी एक इंचाची पट्टी उरते, त्यात डॉक्टरांचं नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक घाला. ते रस्त्यावरून कोणी वाचत नाही, दारापाशी येऊन वाचतात. हसऱ्या बाईला या हिशेबात कुठेच जागा नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

कन्नड आणि मराठी ओळींमधलं अंतर हा आपल्या भागातल्या पाट्यांचा खास दोष आहे. ‘दंत चिकित्सालय’ हाच शब्द दोन्ही लिप्यांत लिहून बघा. मराठीत ‘त्स’मधला अर्धा त आणि स शेजारीशेजारी बसतात. कन्नडमध्ये स हा त च्या पोटाखाली लटकतो. त्याच्या बरोबर खाली ‘दातांचा’मधला अनुस्वार आला की दोन्ही एकमेकांत घुसतात आणि लांबून नुसता डाग दिसतो. म्हणून कन्नड ओळीखाली तिच्या अक्षराच्या निदान निम्म्या उंचीएवढी कोरी पट्टी सोडा. तेवढी जागा नसेल तर अक्षर लहान करण्यापेक्षा एखादा शब्द काढा.

रंगाचं बोलायचं तर दातांचा दवाखाना म्हणजे पांढरा आणि आकाशी, हे जणू ठरूनच गेलं आहे. वेबसाइटच्या सुगम्यतेसाठी जे जागतिक निकष आहेत त्यांत मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर लहान अक्षरांना किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांना ३ मागितलं आहे. पांढऱ्यावर आकाशी अक्षर जेमतेम १.७ भरतं. हिरव्यावर लाल तर १.३, ज्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही त्यांच्यापुरती ती पाटी कोरीच. गडद निळ्यावर पांढरं अक्षर १६ पर्यंत जातं. शिवाय उन्हात फ्लेक्सवरचा लाल आणि पिवळा आधी उडतो, निळा-काळा टिकतो. म्हणून फोन नंबर लाल रंगात नको. आणि कृपा करून अक्षराला सावली, पिवळी किनार, सोनेरी चमक देऊ नका. ‘रूट कॅनॉल’मधल्या ‘कॅ’ आणि ‘नॉ’वरच्या चंद्रकोरी त्या किनारीनेच भरून जातात.

अक्षरांमधलं अंतर ताणू नये, शिरोरेषा तुटते. फार जाड वळणही टाळावं, ‘ध’ आणि ‘घ’ लांबून एकच दिसतात. ‘मुक्त’ किंवा ‘बालू’ या फाँटसारखी मोकळ्या पोटाची वळणं चांगली. बालू घराण्यात कन्नडचंही वळण आहे, त्यामुळे दोन्ही ओळी एका हातच्या वाटतात. फोनचे आकडे मोबाइलच्या कीपॅडवर दिसतात तेच ठेवा आणि पाच-पाचच्या दोन गटांत लिहा.

पेपरात घालून वाटायचं पत्रक हातात धरून वाचतात, तिथे अडचण वेगळी. पातळ कागदावर मागच्या बाजूची छपाई पुढे दिसते, तकतकीत कागदावर ट्यूबलाइट चमकते; थोडा जाड, बिनचमकीचा कागद घ्या. मराठी मजकूर १४ पॉइंटच्या खाली नको, कारण त्याच पॉइंटात मराठी अक्षर इंग्रजीपेक्षा बारीक दिसतं. शब्द लोकांच्या तोंडचे हवेत: किडलेली दाढ, अक्कलदाढ, हिरड्यांतून रक्त, कवळी, दातांना तार. ‘एंडोडोंटिक्स’ वाचून खानापूरच्या बाजारातून आलेल्या बाईला आपली दाढ त्यात मोडते की नाही हे कळणार नाही. आणि एक ओळ जवळजवळ सगळेच विसरतात: ‘पहिला मजला, लिफ्ट नाही, जिन्याला कठडा आहे’. उतार असेल तर ‘व्हीलचेअर आत येते’ असं लिहा, पण आधी मोजा. उताराला एक फूट चढासाठी १२ फूट लांबी आणि दाराला ९० सेंटिमीटर मोकळी रुंदी हवी. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ‘या नंबरवर मेसेज चालेल’ एवढे शब्द पुरतात.

क्यूआर कोड हवाच असेल तर ज्या अंतरावरून मोबाइल धरणार त्याच्या दहावा हिस्सा त्याची बाजू ठेवा: तीन फुटांवरून साडेतीन-चार इंच. भोवती पांढरी चौकट सोडा, नाहीतर तो उघडत नाही. फोन नंबरची जागा त्याला देऊ नका.

व्हॉट्सॲपवर नुसतं चित्र पाठवलं की त्यातला मजकूर अंध माणसाचा फोन नीट वाचून दाखवेल याचा भरवसा नसतो. तोच मजकूर चित्राखाली टाइप करा, युनिकोडमध्ये. श्रीलिपीच्या जुन्या फाँटमधला मजकूर संगणकाच्या पडद्यावर ‘दात’ दिसतो, पण आत रोमन खुणा असतात; तो उचलून इथे टाकला तर टॉकबॅक, म्हणजे फोनमधली मजकूर वाचून दाखवणारी सोय, त्याच खुणा वाचतो.

छपाईआधी दोन कामं. एक, पाटीवरची एक ओळ खऱ्या मापात साध्या कागदावर काढा, भिंतीला लावा आणि संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी रस्त्यापलीकडून बघा. त्याच वेळी दाताच्या दवाखान्यात गर्दी असते. दुसरं, फ्लेक्सवाल्याला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांचे आकार चित्रासारखे पक्के करून द्या, सोबत एक पीडीएफ द्या आणि त्याच्या मशीनवरचा प्रूफ मागा. तसं न करता कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत फाइल उघडली की ‘चिकित्सा’ची वेलांटी ‘क’च्या उजवीकडे सरकते आणि ‘त्स’ फुटून त चा पाय मोडलेला दिसतो. कन्नड ओळीत असं काही झालं तर मराठी माणसाच्या नजरेला ते येतच नाही, म्हणून तो प्रूफ कन्नड वाचणाऱ्याकडून तपासून घेतल्याशिवाय सही करू नका.